दुखणं दहापैकी किती?

आमच्या पेन क्लिनिकात औषधांच्या रिकाम्या खोक्यांपेक्षा किस्से जास्त साठलेत. खोकी रद्दीवाला नेतो, किस्से कोण नेणार? म्हणून चहाच्या वेळी ही सिस्टर तोंड उघडते, आणि तुम्ही निमूट ऐकायचं!

*

आमच्याकडं प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच, "दुखणं दहापैकी किती?" शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य.

वेरूळच्या एक मावशी आल्या होत्या. शुगरमुळं पायाच्या नसा खराब, तळव्यांची सतत आग. डोळ्यांत पाणी, आणि सांगतात काय, तर "चार"!

मी म्हटलं, "मावशी, रडताय आणि चारच?"

मावशींनी हळूच दाराकडं बघितलं. "सासूबाई बसल्यात ना तिथं. त्या चहाला गेल्या की नऊ लिवा!"

*

फर्दापूरच्या काकांची गोष्ट उलटी. अजिंठ्याला येणाऱ्या टूरिस्टांना दगडाचे हत्ती विकण्यात उभा जन्म गेलेला. कंबरेतली नस दबलेली.

"दहापैकी किती, काका?"

"पंधरा."

"दहाच्या वर नसतं."

"बरं, बारा करा."

"काका, दहा!"

"साडेअकरा. त्याच्या खाली परवडत नाय!"

मी गुपचूप दहा लिहिलं. जाताना काका म्हणाले, "तुमच्यासाठी म्हणून उतरलो, बरं का!"

*

आणि सलीमचाचा! शहागंजातले जुने टेलर. छातीवर नागीण उठली होती. फोड सुकून सहा महिने झाले, पण दुखणं काही हटेना. कापड नुसतं टेकलं तरी आग. आले तेच शर्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून, छातीपासून लांब. टेलर माणूस, आणि कापडच सोसेना! 

सोबत मुलगा इम्रान, तोही टेलर. तो भडकलेलाच होता. त्यांच्या घरची रीत अशी, की ईदेला बापाचा कुर्ता मुलगा शिवणार आणि मुलाचा बाप. इम्राननं माप घ्यायला टेप लावली, तर चाचांनी किंचाळून ती फेकून दिली. तेव्हापासून अबोला, आणि चाचांचं दुकानात जाणंही बंद.

"नाटक है, मॅडम. ब्लड रिपोर्ट तो नॉर्मल है!" इम्रान म्हणाला. मला असा राग आला म्हणून सांगू!

आमच्या डॉक्टर मॅडम मात्र शांत. "नागीण आली तेव्हा शरीराच्या पेशींनी सायटोकाईन नावाचे रेणू सोडले. त्यांचं काम आरडाओरडा करायचं, धावा, संकट आलंय! कधीकधी संकट जातं, पण नसेच्या आसपास हा आरडाओरडा चालूच राहतो. नस हुळहुळी होते. मग कापड लागलं तरी तिला विस्तव वाटतो."

"पर रिपोर्ट में तो कुछ नहीं आया!"

"तुमच्या गल्लीतलं भांडण कलेक्टर ऑफिसात ऐकू येतं का?"

चाचा पहिल्यांदा हसले. "हौ, मॅडम. ये चिल्लानेवालों को चुप करने की दवा लिखो!"

मॅडम म्हणाल्या, "एकदम गप्प नाही होणार. पण आवाज कमी होईल."

*

गोळ्या चालू झाल्या, आणि जोडीला आमचा कापडाचा डबा. त्यात तुकडे असतात. आधी मऊ मलमल, मग सुती, शेवटी खरखरीत टॉवेल. रोज थोडं थोडं फिरवायचं, म्हणजे नसेला परत स्पर्शाची सवय होते.

मी मलमल छातीला टेकवली. चाचांचे डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडलेच!

"ये मलमल नक्को बोलो, सिस्टर! पॉलिस्टर है ये!"

त्या तुकड्यावर तर मीच 'मलमल' अशी चिठ्ठी चिकटवली होती. किती वर्षं झाली, एकाही पेशंटनं चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी चाचांनी घरून खऱ्या मलमलीचे तुकडे आणले. कडा शिवून, चिठ्ठ्या लावून. तेच तुकडे आम्ही अजून वापरतो.

*

ईद दोन आठवड्यांवर आली होती. चाचा तपासणीला आले. शर्ट अजून चिमटीतच, पण चेहरा मोकळा. इम्रान दुकानातून तसाच आलेला, गळ्यात टेप लोंबत होती. बापाकडं बघत नव्हता.

"चाचा, दहापैकी किती?"

"तीन."

मी लिहून घेत होते, तेवढ्यात चाचा उठले. चिमूट सोडली. शर्ट छातीला टेकला. चाचांनी ओठ दाबले, एक श्वास घेतला, आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले.

"नाप ले," ते मुलाला म्हणाले.

इम्रान जागचा हलेना. मग आला, टेप बापाच्या छातीभोवती फिरवली, पण अंगाला लागू देईना. डोळे भरलेले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

चाचा खेकसले, "ढीला कायकू पकड रा रे? कस के ले! ईद का कुर्ता है, तंबू नहीं!"