इंगवले सरांचं अर्धं व्याख्यान

वर्गात एखादा पोरगा म्हणाला, "सर, आपल्याला जर्मनीसारखा हुकूमशहाच पायजे," की इंगवले सर खडू त्याच्या हातात द्यायचे. "ये, फळ्यावर लिही. पयलं कुणाला उचलायचं? याच वर्गातलं नाव पायजे." पोरगा आधी हसायचा, मग खाली बघायचा. एकदा तर सर तास संपेपर्यंत तसेच थांबून राहिले. त्या वर्गात मी होते. पुढे वडूजच्या कॉलेजात त्यांच्याच हाताखाली इतिहास शिकवायला लागले.

सरांचे वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकला गेले होते. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी जर्मनीच्या भरवशावर इंग्रजांविरुद्ध केलेलं बंड मोडल्यावर वडिलांची तुकडी बगदादला पोचली. त्याआधीच ज्यूंची घरं लुटली गेली होती, माणसं मारली गेली होती. त्या घरांच्या दारांवर तांबड्या खुणा होत्या. "आबा म्हणायचे, खुणा कुणीतरी आधीच करून ठेवल्या हुत्या रं." त्या एका वाक्यापायी सरांनी अर्धं आयुष्य वाचनात घातलं. बर्लिनहून रोज अरबी भाषेत होणारा रेडिओप्रचार, तो कानात साठवणारे इराकमधले तरुण राष्ट्रवादी, त्यांच्या गणवेशातल्या कवायती, सगळं ते शोधत गेले.

"राग खरा हुता त्यांचा," सर सांगायचे. "इंग्रज छाताडावर बसलावता. बर्लिननं त्या रागाला फकस्त घर दाखवलं. शेजाऱ्याचं." आणि लगेच बोट वर करून म्हणायचे, "पर त्याच शहरात मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यू घरात लपवले. नाझींच्या विरोधात लिहिणारे अरबबी हुते. हे सांगायचं नसंल, तर पयलंबी सांगू नगंस."

निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात त्यांचं याच विषयावर व्याख्यान झालं. मी ते मोबाईलवर टिपलं. लांब होतं, म्हणून पहिला भाग गावच्या ग्रुपवर टाकला. दुसरा, ज्यू लपवणाऱ्या मुसलमान शेजाऱ्यांचा, उद्या टाकू म्हटलं. उद्या परीक्षेचं काम निघालं आणि ते राहून गेलं. चार दिवसांत कुणीतरी त्यातले तुकडे कापले, खाली मुसलमानांबद्दल 'यांचं रक्तच असं' लिहिलं, आणि ते आष्ट्या-सांगलीपर्यंत फिरले.

रफिकभाई मुलाणींचं शिलाईचं दुकान ही सरांची रोजची बैठक. बाजाराच्या दिवशी जमावानं ते पेटवलं. आम्ही पोचलो तेव्हा रफिकभाई राखेतून मशीनची चाकं काढत होते.

"रफिक, मी असं म्हणलो न्हवतो गड्या."

त्यांनी मान वर केली नाही. "सर, आवाज तर तुमचाच हुता की."

महिन्याभरात रफिकभाई सांगलीला लेकीकडं गेले. दुसरा भाग ऐका म्हणून सांगायला सर तिकडं दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा लेक दारातच म्हणाली, "अब्बा घरात न्हाईत." बाहेर त्यांच्या चपला होत्या.

मग सर माझा मोबाईल घेऊन वडूजात दारोदार फिरले. उरलेला भाग ऐका म्हणायचे. लोकांनी चहा पाजला. शेवटपर्यंत कुणी ऐकलं नाही. मी रडत म्हणाले, "सर, चूक माझी."

"व्हय, तुझी हाय," ते म्हणाले. "माझीबी हाय. पयला भाग मी लय रंगवून सांगितला. टाळ्या पडत हुत्या नव्हं."

त्यानंतर सर खचतच गेले. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. थंडीत गेले. मी रफिकभाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कवा नेणार?"

ते आले. स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. सगळे पांगल्यावर मी जवळ गेले, तर म्हणाले, "बाई, त्यो दुसरा भाग हाय का तुमच्याकडं?"

एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसून त्यांनी तो सगळा ऐकला. मधे सांगलीची एक गाडी गेली, ते उठले नाहीत. संपल्यावर मोबाईल माझ्या हातात दिला.

"लय उशीर केला बाई तुमी," ते म्हणाले. "आन् मीबी."