शून्यापासून मोजणारे भावोजी

लालबागमध्ये हुशार माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. पण निव्वळ हुशारीच्या जोरावर स्वतःसाठी आलेलं स्थळ शेजारच्या घरी पोहोचवणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच झाला, आणि तो माझा धाकटा दीर आहे. भावोजी प्रोग्रॅम लिहितात. मीही त्याच धंद्यातली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. भावोजींच्या बाबतीत हे काम मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून फुकट करते आहे.

कॉम्प्युटरच्या बहुतेक भाषांत यादी शून्यापासून सुरू होते. म्हणजे रांगेतला पहिला तो शून्य नंबरचा, दुसरा एक नंबरचा. ऑफिसात आम्ही सगळेच असं मोजतो आणि बाहेर पडलो की माणसांसारखं मोजायला लागतो. भावोजी बाहेर पडतच नाहीत. गणपतीत त्यांना एकवीस मोदक मोजायला बसवलं, तर "वीसपर्यंत आले" म्हणाले, आणि सासूबाईंनी घाईघाईने आणखी एक वळला. एकापासून मोजणाऱ्या भाषाही आहेत, त्यातली एक माझी आवडती आहे. तिला ते 'बालवाडी' म्हणतात, आणि ते ऐकून पाहुण्यांना वाटतं, मी शाळेत शिकवते.

दुसरा सोस टाइपचा. आकडा तो आकडा, अक्षर ते अक्षर; एकाच्या जागी दुसरं खपवून घ्यायचं नाही. काही भाषा यात ढिल्या असतात. अक्षरातल्या पाचात तीन मिळवा म्हटलं, तर पाचाशेजारी तीन ठेवून त्रेपन्न करून मोकळ्या होतात. तसल्या भाषेत लिहिणाऱ्या एका जुन्या मित्राशी भावोजींनी वर्षभर अबोला धरला होता. मित्राला ते कळलंच नाही, ही गोष्ट वेगळी. लग्नासाठी स्थळं यायला लागली, तेव्हा भावोजींनी ती चाळायला प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याच दिवशी सगळी स्थळं बाद! का, तर बायोडेटात उंची 'पाच फूट चार इंच' अशी अक्षरांत लिहिलेली.

"उंची हा आकडा आहे, वहिनी. तिथे निबंध कशाला?"

"भावोजी, मुलींना लग्न करायचंय, तुमच्या प्रोग्रॅममध्ये नोकरी नाही करायची," मी म्हटलं. मग मीच बसून सगळ्या उंच्या आकड्यांत भरल्या, तेव्हा कुठे मृणाल नावाची एक मुलगी गाळणीतून खाली आली.

पण त्यांची खरी लाडकी भाषा म्हणजे जगात फारसं कुणी वापरत नाही अशी एक आळशी भाषा. आळशी हा शब्द माझा नाही. तो त्या भाषेचा मिरवण्याचा गुण आहे. कुणी उत्तर मागत नाही तोवर गणित करायचंच नाही. तिला एकापासून अनंतापर्यंतचे सगळे आकडे मांड म्हणा, ती हो म्हणून स्वस्थ बसते. पहिले पाच मागा, पाचच काढून देते. भावोजी याला सौंदर्य म्हणतात. ऑफिसच्या एसीत जाकीट असतं, म्हणून शर्टाच्या फक्त कॉलरला इस्त्री करतात. कोथिंबीर आणायला सांगितली, तर "आमटी उतरवलीत की हाक मारा" म्हणतात.

तर एका रविवारी मृणालकडची मंडळी तिला घेऊन आमचं घर बघायला येणार होती. सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला तो नेमका भावोजींनी उचलला. "जिना चढून गॅलरीत आलात की तीन नंबरचं दार," त्यांनी सांगितलं. शून्य, एक, दोन, तीन. आमचं दार चौथं.

तिसऱ्या दारात आमच्या शेजारच्या संदेशची आई उभी होती. योगायोग असा, की संदेशला बघायलाही त्याच दिवशी कुणी यायचं होतं, ते आलंच नाही. तिने आलेल्यांना हसून आत घेतलं. आम्ही इकडे कांदेपोहे दोनदा गरम केले. चूक उघडकीला येईपर्यंत तिकडे गावाकडच्या ओळखी निघाल्या होत्या, आणि संदेश आणि मृणाल गॅलरीच्या टोकाला उभे राहून बोलून आले होते. मंडळी मग आमच्याकडेही आली, संकोचाने पोहे खाल्ले, आणि आठवड्याने होकार कळवला, तो शेजारी.

"मेल्या, मोजूक खंय शिकलंस रे तू?" सासूबाई कपाळ बडवून म्हणाल्या.

"माझं बरोबरच होतं, आई," भावोजी म्हणाले. लग्नात आम्ही सगळे जेवलो. भावोजींनी मठ्ठा वाढला. त्यानंतर पुन्हा स्थळ बघायचं त्यांनी नावच काढलं नाही, आणि मी पंधरा वर्षं ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगत आले.

गेल्या महिन्यात आमची चाळ रिकामी झाली. तिथे टॉवर होणार आहे. तोवर संदेशचं बिऱ्हाड माझगावला, आमचं भायखळ्याला. त्यांचा टेम्पो खाली भरत होता. भावोजी कठड्याला टेकून बघत होते. मी सवयीने टोमणा मारला, "नीट मोजलं असतंत, तर आज त्या सामानाबरोबर तुम्ही असता."

ते खालीच बघत म्हणाले, "त्या दिवशी मी इथेच उभा होतो, वहिनी. ती मंडळी संदेशकडे शिरताना बघितली मी."

"मग हाक नाही मारलीत?"

"मृणाल कशाला तरी हसत होती. म्हटलं, जरा वेळ हसू दे. येतीलच बाहेर, तेव्हा सांगू. मग ती दोघं बोलायला बाहेर आली, तेव्हाही ती हसतच होती."

तेवढ्यात खालून मृणालने मान वर करून हात हलवला. "भावोजी, माझगावला या हं!"

"कधी येऊ?" भावोजींनी एवढ्या तातडीने विचारलं, की मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"कधीही या हो!" ती म्हणाली आणि टेम्पोत चढली.

टेम्पो वळून दिसेनासा झाला, तरी ते तिथेच होते. मी आत जाऊन त्यांची पुस्तकं बांधायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, पण थोड्या वेळाने ते आले आणि सुतळीचं दुसरं टोक धरून बसले.