पूर्ण की अर्धा

"लाजू नकोस. तुझी आई कशी वाकते, तेवढं दाखव फक्त."

असं म्हणून सरांनी माझ्या हातात लाकडी फूटपट्टी दिली. कोयता म्हणून. अंबाजोगाईच्या मॅनेजमेंट कॉलेजचा एसी हॉल. सगळा वर्ग समोर. पहिल्या रांगेत साखर कारखान्याचे साहेब. कारखाना म्हणायला सहकारी, साहेब म्हणजे चेअरमनचे पुतणे, पुण्याला शिकून आलेले. त्या साली पाऊस झालाच नव्हता. कॉलेजात हात धुवायला पाणी नव्हतं, टँकर आला तर आला. ऊसही लई थोडा. म्हणून कारखान्याला आता सगळं मोबाईलवर मोजायचं होतं. कोण तोडतं, किती तोडतं, गाडी कधी भरते. नव्या जमान्याचं मॅनेजमेंट म्हणून साहेब आम्हाला तेच शिकवायला आले होते. पडद्यावर चौकोन, चौकोनातून निघालेले बाण. पहिल्याच चौकोनात लिहिलेलं : कोयता.

साहेबांनी विचारलं, "इथं ऊसतोड कुणी जवळून पाहिलीय का?"

सर हसले. "आहे ना आपल्याकडं एक. हिचे आईवडील तोडीलाच जातात."

स्कॉलरशिपच्या कागदांवरून त्यांना ठाऊक होतं. वर्गात मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. सगळ्या माना वळल्या. माझे कान तापले.

आणि मी वाकले.

हे सांगताना अजून जीभ जड होते. मला कुणी मारलं नव्हतं. मान धरून वाकवलं नव्हतं. लहानपणी शाळा बुडवून आईबरोबर फडात राहिलेय मी, अंगाला ते पाठ आहे. बुडात घाव घालायचा, पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, मागं टाकायचं. तेच सगळं गुळगुळीत फरशीवर, फूटपट्टीनं. साहेबांनी मोबाईलवर घड्याळ लावलं. "परत एकदा. जरा जोरात." मी जोरात केलं. ओढणी पडली. उचलली नाही, वेळ गेला असता म्हणून. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी क्षणभर मला बरं वाटलं. शरम वाटते ती त्याची.

साहेब म्हणाले, "किती सहज येतं बघा. तुमच्या लोकांच्या अंगातच असतं हे."

तुमच्या लोकांच्या. आम्ही बौद्ध. माझ्या आज्यानं गावकीची कामं सोडली म्हणून भर चावडीपुढं मार खाल्ला होता. त्याची नात एसीत वाकून दाखवत होती, आणि तेही जोरात.

आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी नेतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जोडीदार नसलेलं माणूस म्हणजे अर्धा कोयता. जन्मापासून ऐकत आले होते हे, कधी खटकलं नव्हतं. त्या संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर माझा व्हिडिओ फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आमचा अर्धा कोयता." मग तेच नाव पडलं. कॅन्टीनमध्ये, जिन्यात. एकदा सरांच्या तोंडूनही आलं. मी हसले. काय करणार होते?

पुढं सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कारखाना पुढच्या हंगामासाठी सभासदांपुढं ॲप सुरू करणार होता. "स्टेजवर तेच करून दाखव. आधी जुनी पद्धत, मग मोबाईल. नोकरी पक्की समज. ऑफिसात, खुर्चीवर."

खुर्ची म्हणजे आईचं तोडीला जाणं बंद. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आई तेव्हा कोल्हापूरकडं फडात होती. फोन लावला आणि मला रडूच फुटलं.

"कावून रडायलीस?"

सांगितलं सगळं. ती म्हणाली, "वाक की मग. आमी काय हौसंनं वाकतो का? खुर्ची भेटायली तर वाक एकदा. मला आता कंबर उचलंना झालीय."

म्हणून साडी नेसून गेले. स्टेजमागं सरांनी पिशवीतून पुरुषाचा नवाकोरा शर्ट काढला, वर एक रुमाल. "साडीवर घाल. बायका घालतात ना, तसा." माझी आई बापाचा जुना शर्ट घालते. उसाच्या पानानं हात कापतात म्हणून. या शर्टाच्या कॉलरला अजून दुकानाची टाचणी होती. सरांनी ती काळजीनं काढली. मला टोचू नये म्हणून.

शेजारी साहेब मोबाईल तपासत होते. "तुझ्या आईचं नाव सांग. सभासदांना दाखवायला टाकतो." मी सांगितलं. नाव पडद्यावर आलं. खाली दोन रकाने. पूर्ण. अर्धा.

"वडील आहेत ना? मग पूर्ण." त्यांनी बोट टेकवलं, बापाचं नाव टाकलं. आईचं नाव गेलं.

"आईचं नाव गेलं कुठं?"

"अगं, एका कोयत्याला एकच नाव बसतं. प्रोसेस सोपी ठेवावी लागते."

मी पडद्याकडं बघत राहिले. तिची कंबर जिथं गेली, तिथं तिचं नावही गेलं होतं. आणि आता मी तिच्यासारखा शर्ट घालून टाळ्या घेणार होते.

"लवकर घाल, चेअरमन आले," सर म्हणाले.

"न्हाई."

कॉलेजात आल्यापासून मी 'नाही' म्हणायला शिकले होते, घोकून घोकून. त्या वेळी तोंडातून आईचाच शब्द आला.

"काय म्हणालीस?"

"न्हाई घालनार, सर. माझी माय आन् माझा बाप दोन मानसं हायेत. दोन नावं बसतील तवा बोलवा."

शर्ट खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या उतरले. मागून माईकवर माझं नाव पुकारलं. वळले नाही.

नोकरी गेली. आईनं कौतुक केलं नाही. म्हणाली, "शर्टानं काय मरनार व्हतीस का?" दिवाळी झाली आणि ती परत ट्रॅक्टरवर चढली. तिचं गाठोडं मीच वर दिलं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिची कंबर आठवते आणि मला रोज लाज वाटते.

शेवटच्या प्रोजेक्टला मीही तेच चौकोन काढले. पहिल्या चौकोनात 'कोयता' न लिहिता आईबापाची, दोघांची नावं लिहिली. सरांनी लाल रेघ मारली : "योग्य शब्द वापर." मी वापरला नाही. मार्क कापले गेले.

आता घाटनांदूरला कॉम्प्युटर शिकवते. ॲप कसं बनतं, तेही शिकतेय. एका चौकोनात दोन नावं बसतात. मी बसवून पाहिलीत. अवघड काही नाही. साहेबांच्या कारखान्याच्या गेटवर मी जाणार आहे, या हंगामात आणि पुढच्याही. चेअरमन बदलले तरी. दर वेळी एकच विचारणार आहे. माझ्या आईचं नाव गेलं कुठं? ते लिहीपर्यंत मी गेटवरून हलणार न्हाई.