लाटा नसलेला महिना

श्रीलंकेला कधी जावं, हे विचारायला म्हापशातल्या आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात लोक येतात. सर्फिंगवाल्यांना मोठ्या लाटांचे महिने हवे असतात, नवीन लग्न झालेल्यांना ऊन. गेल्या पावसाळ्यात डिचोलीकडचे एक गृहस्थ आले. साठीचे, शर्ट इस्त्रीचा. बसले आणि टेबलावरच्या नकाशावरून तळहात फिरवत राहिले. नकाशाला सुरकुती नव्हती, तरी ती काढल्यासारखा.

“लाटा नसतत असो म्हयनो सांगा,” ते म्हणाले.

असा महिना माझ्याकडे आजवर कुणी मागितला नव्हता. मी म्हटलं, “पूर्व किनाऱ्यावर मार्चमध्ये समुद्र शांत असतो. पण तेव्हा तिकडे सर्फिंग नसतं, बरीचशी दुकानंही बंद.”

“तोच होयो. झील थंय सर्फिंग शिकवीत होतो. थंयच बुडलो. गावलो नाय.” मुलाबद्दल एवढंच बोलून ते बायकोवर आले. “तिका त्या पाण्यात फुलां सोडूची आसत. पण लाट बघली की ती थरथरता.”

मी दोघांची मार्चची तिकिटं काढून दिली.

एप्रिलमध्ये ते मुद्दाम भेटायला आले. समुद्र कसा होता, मी विचारलं.

“तळ्यासारखो.” ते पुन्हा नकाशावरून तळहात फिरवू लागले. “फुलां सोडली. मागीर ती छातीभर पाण्यात गेली, भायर येयना. मी हात ओढतंय, आणि ती म्हणता, आता दर्या शांत आसा, जरा शोधूया.”