मामांची बॉल पावडर

माझ्या बायकोच्या मामांइतकी स्वतःच्या हातांवर श्रद्धा असलेला माणूस सबंध सोलापुरात झाला नसेल. होटगीला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ, मनगटावरचं घड्याळ बंद पडलं, तरी म्हणायचे, "थांबलंय, चुकलं न्हाय." डाळीतलं मीठसुद्धा ते काट्यावर तोलून देत. काटा अर्थात काडतुसांची दारू तोलायचा. मामा रायफल क्लबात जात, आणि काडतुसं सहजी मिळत नसल्यानं वापरलेल्या पितळी नळ्यांत परवान्यानिशी घरीच बंदुकीची दारू भरून वर गोळी बसवत. आधी बारीक कांड्यांची दारू असे. सन चौऱ्याहत्तरच्या सुमारास कुठूनशी 'बॉल पावडर' मिळाली, गोल गोल दाण्यांची, आणि मामा हरखले. "बघा की जावईबापू, मापातनं पान्यावानी पळतीया! लई गुणाची हाय." येईल त्याला ते डबा उघडून दाखवत. मामींनी त्याच दिवशी मोहरीच्या डब्यावर ठळक अक्षरांत 'मोहरी' लिहून टाकलं.

एका रविवारी कुंभारीच्या बाजूला नेमबाजीच्या मैदानावर त्यांनी दिवसाचा पहिला बार माझ्याकडून काढायचं ठरवलं. मी आडवा पडून नेम धरला. शेजारी मामांचं सुरूच होतं, "तीस काडतुसं भरली काल. मधी मामीनं जेवायला हाक मारली, जेवून आलो आन् फुडं..."

मामा थांबले. मग ओरडले, "घोड्यावरचं बोट काडा! खाली ठेवा बंदूक!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कांड्यांची दारू एका नळीत चुकून दोनदा पडली, तर काठावरून सांडे, लगेच कळे. ही गोल दाण्यांची कमी जागेत मावे. त्यातून निशाणेबाजीच्या काडतुसात मुळात दारूच थोडी घालायची. दुप्पट पडली तरी आत गुपचूप बसायची आणि बंदूक तोंडावर फुटायची. जेवणाआधी आपण कुठवर आलो होतो, ते मामांना आठवेना.

घरी येऊन त्यांनी तिसांतली एकेक गोळी उपसून दारू तोलली. सतरा बरोबर निघाली. अठराव्याला पारडं खाडकन खाली गेलं. मी उडवणार होतो ते हेच की दुसरं, हे आता कळणार नव्हतं. बंदुकीतलं काढून सगळी एकत्र झाली होती.

"मिळालं एकदाचं," म्हणत मामी मटकन बसल्या आणि हसूच लागल्या. मलाही हसू आवरेना. भूक मात्र सपाटून लागली.

त्यानंतर मामा एक नळी भरली की लगेच तिच्यावर गोळी बसवत, आणि मगच दुसरीला हात लावत. आता मामांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दुपारी त्यांनी माझा उजवा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला होता. तो सोडायचंही ते बराच वेळ विसरले होते.