भुताच्या मालिकेतला धुरा

आमच्या घरातले दोन भाऊ टीव्हीवरच्या भुताच्या मालिकेवरून बोलेनासे झाले, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक हसतात आणि मला राग येतो. पण खरं तेच आहे.

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, अकोल्याला जठारपेठेत राहतात. बाबा माझ्याकडे, अमरावतीला राजापेठेत. गेल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला, डावी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतलाय, भावाला भेटायचं. दारात दूधवाला आला तरी मान वळवून बघतात. मी अकोल्याला फोन करते, मोठीआई म्हणते, "सांगतो वं त्याइले," आणि येत कुणीच नाही.

मी शाळेत होते तेव्हा ही मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, साचा मात्र तोच. कुणीतरी पाप करायचं, ते पचलं असं समजायचं, आणि मग मेलेला माणूस वसुलीला यायचा. सुटीत आम्ही अकोल्याला गेलो होतो. रंगीत टीव्ही मोठेबाबांकडेच, त्यामुळे घरातलं सगळं खटलं समोर बसलेलं. त्या भागात एकानं दुसऱ्याला विहिरीत ढकललं, त्याचं सगळं बळकावलं, आणि पुढे त्याच्या घरात ओली पावलं उमटायला लागली. भाग संपला तसे मोठेबाबा न जेवता उठून गेले. सकाळी आम्ही निघालो तर ते स्टँडवर सोडायलाही आले नाहीत.

का, ते कळायला धुरा माहीत असायला हवा. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांची शेतं लागून आली. बाबा नोकरीवर, म्हणून त्यांचं शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून दुसऱ्याला कसायला दिलेलं. मोठेबाबा स्वतः उभं राहून शेत वाहायचे, आणि दर वर्षी त्यांचा वखर धुरा थोडासा कोरत, पलीकडचं एखादं तास, म्हणजे एक ओळ, आपल्यात घेऊनच फिरायचा. आमच्याकडे हे सगळेच करतात, आणि तोंडावर कुणी काढत नाही. काढलं की मोजणी आली, मोजणी आली की कोर्ट आलं. बाबाही कधी बोलले नव्हते. पण मोठेबाबांनी डोक्यात घेतलं की लहान्यानं मुद्दाम ती मालिका लावून मला चार जणांत चोर ठरवलं. टीव्ही त्यांचा, घर त्यांचं, बटण दाबलं तेही त्यांच्याच पोरीनं. पण ऐकेल कोण? त्यांच्या आठवणीत त्या गोष्टीत दोन भाऊ होते आणि थोरला धुरा कोरत होता.

तेव्हापासून आमच्या लग्नाकार्यांना मोठीआई एकटीच यायची. आता तर त्या शेतांवर प्लॉट पडलेत, सिमेंटचे रस्ते झालेत. धुरा नेमका कुठे होता हे दोघांनाही दाखवता यायचं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

मध्यंतरी तो भाग मला इंटरनेटवर सापडला. चित्र धुरकट, आवाज मागेपुढे, पण भाग तोच. त्यात भाऊ नव्हतेच. कापडाच्या दुकानातले दोन भागीदार होते. शेत नाही, धुरा नाही, साधा बैलही नाही. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग वाटलं, चला, आता हे दाखवलं की भांडण मिटलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुरावा दाखवला की माणूस मानतो, असं समजायची मला खोडच आहे.

रविवारी अकोल्याची एसटी धरली. मोठेबाबा पुढच्या खोलीत दिवाणावर बसले होते, आधीपेक्षा वाळलेले. मी त्यांना चष्मा दिला, मोबाईल हातात दिला, आवाज वाढवला. त्यांनी अख्खा भाग पाहिला.

"पाहिलं न मोठेबाबा?" मी म्हटलं. "भागीदार होते ते. यात धुरा कुठे आहे?"

"नाही," ते म्हणाले.

"मग बाबा तुम्हाला चोर कुठे म्हणाले?"

त्यांनी मोबाईल चादरीवर पालथा ठेवला. "शिरेलीचं काय घेऊन बसली वं बाई. थे ओले पावलं पाहून मी भेलो होतो. मले माह्या धुऱ्याचंच सुचलं. अन् तवा तुह्या बापानं माह्याकडे पाह्यलं, अन् हासला. माह्याच घरात बसून, लेकरायसमोर. थे आहे का याच्यात?"

मोठीआई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती.

"ते आजारी आहेत," मी म्हटलं. "रोज तुमची वाट पाहतात."

"मालूम आहे मले. त्याले फक्त विचार. नाही हासलो म्हणला, तं मी उद्याच्या गाडीनं येतो."

एवढंच? मी परतीची एसटी जवळजवळ पळतच पकडली. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी बाबांच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. भाग सांगितला, ओली पावलं सांगितली, मोठेबाबांची अट सांगितली. "बाबा, हसला असाल नसाल, मला देणंघेणं नाही. फक्त नाही म्हणा. ते उद्या येतील."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "भेलो म्हणे थो?"

"हो. म्हणाले, धुऱ्याचंच सुचलं."

त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हळूहळू वर गेली. डावी जागची हलली नाही. बाबा हसत होते, आणि आजारी माणसाचा येऊ नये इतका राग मला त्यांचा आला.

"हासलो होतो," ते म्हणाले. "सांग त्याले."

मी पुष्कळ समजावलं, हात जोडले, शेवटी ओरडलेसुद्धा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी अकोल्याला फोन लावला. नेहमी मोठीआई उचलते. आज मोठेबाबांनीच उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "नाही म्हणला न थो?"