पेटी खाली कर देना

ती घटना आठवली की आजही आधी माझा मलाच राग येतो. तेव्हा मी जबलपूरच्या भरबाजाराला लागून असलेल्या ठाण्याचा प्रभारी होतो. मागची जुनी गल्ली नुकतीच नव्याने सजली होती. दगडी फरशी, जुन्या घाटाचे दिवे, घरांच्या दर्शनी भिंतींना चुन्याचा गिलावा. एका ओसरीत कॉफीचं दुकानही निघालं होतं. बाहेरचे लोक फोटो काढायला येत आणि राहणारे वैतागत, कारण फोटोत त्यांची वाळत घातलेली लुगडीही येत.

तिथे स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मराठी शिक्षिका एकट्या राहत. चार दिवस शहरातल्याच अधारतालला मुलीकडे राहून त्या परतल्या, तर लोखंडी पेटी रिकामी! घराचे सगळे मूळ कागद गेलेले. अतिथिगृह काढू पाहणाऱ्यांचा त्या घरावर डोळा होताच. बाई ठाण्यात रडल्या. ‘‘माझं घर गेलं म्हणा ना आता, साहेब.’’ मुन्शीनं हिंदीत फिर्याद लिहून घेतली.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्यानं कळवलं की बाईंकडे गिलावा करणारा मिस्त्री एका घरदलालाबरोबर चहा पिताना दिसला. झालं! भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर, आम्ही त्याला उचललं. घमापूरचा चाळिशीचा माणूस, हाताचा चुनाही धुतलेला नव्हता.

चौकशीत त्याचं एकच म्हणणं. ‘‘साहब, माताजी ने ही बोला था, पेटी खाली कर देना. कागज बोरी में भरके जीने के नीचे रखे थे.’’ दलालाच्या घरीही गिलाव्याचं काम होतं, म्हणून चहा. जिन्याखाली बोरी नव्हती. मी टेबलावर हात आपटला. पण खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी बदलतो, आणि हा तीनदा विचारूनही शब्द बदलेना. मला चैन पडेना. शेवटी बाईंकडे गेलो आणि मराठीत विचारलं, ‘‘जाताना त्याला नेमकं काय सांगितलंत?’’

‘‘पेटी खाली कर देना, म्हटलं. वर धूळ होऊन राहिली होती ना, म्हणून खालच्या खोलीत ठेव म्हटलं. काहून, साहेब?’’

मी कपाळावर हात मारला. बाई खाली म्हणजे तळमजल्यावर म्हणाल्या, त्यानं खाली म्हणजे रिकामी ऐकलं! आणि मी? घरी मराठी बोलणारा माणूस, पण खाकी चढवली की माझेही कान हिंदीच ऐकत.

विचारपूस केली, तर जिन्याखालची बोरी गल्लीचं काम करणाऱ्या ठेकेदाराची माणसं भंगार समजून जुन्या लाकडाबरोबर घेऊन गेली होती. त्याच्या गोदामात दोन तास शोधल्यावर ती मिळाली. आतले कागद शाबूत होते.

मिस्त्रीला म्हटलं, ‘‘चलो, घर छोड़ देते हैं.’’

तो जागचा हलला नाही. ‘‘घर नहीं, साहब. पहले गली में चलिए.’’

मला ते झोंबलं, पण त्याचं बरोबर होतं. कॉफीच्या दुकानासमोर उभं राहून मी मोठ्यानं सांगितलं की या माणसानं काही चोरलेलं नाही, चूक पोलिसांची झाली. बाईंनी खाली येऊन त्याच्यापुढे हात जोडले. तो मान हलवून निघून गेला.

त्यानंतर मी प्रत्येकाचा जबाब त्याच्या घरच्या भाषेत घ्यायला लावला. बाई शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. त्यांच्या अर्ध्या राहिलेल्या भिंतीला मात्र दुसऱ्या मिस्त्रीनं गिलावा केला. पहिल्याला बाईंनी तीनदा निरोप पाठवला, पण त्या गल्लीत तो पुन्हा कधी आला नाही.